खंडेनवमीची पेटी

१

पेटी उघडली आणि आत पिस्तूल नव्हतं.

काळ्या फोममध्ये पिस्तुलाच्या आकाराचा खळगा तेवढा होता, दात पडल्यावर हिरडीत राहतो तसा. डॉक्टर गुरुनाथ इंगवले त्या खळग्याकडे बघत उभा राहिला. किल्ली अजून त्याच्या चिमटीतच होती.

"नाहीये," तो म्हणाला.

त्याच्या मागं रणजित फोन उंच धरून व्हिडिओ कॉलवर थेट कोल्हापूरला समालोचन ऐकवत होता. "तर मंडळी, दसऱ्याच्या मुहूर्तावर आपले डॉक्टरसाहेब आयर्लंडच्या भूमीवर..." इथपर्यंत गाडी आली आणि त्याचा हात हळूहळू खाली गेला. पलीकडून कुणीतरी 'दिसंना की रं काय' म्हणत होतं. रणजितनं कॉल कापला.

"नाहीये म्हणजे?"

"पेटीत पिस्तूल नाहीये."

पूर्णिमा खिडकीजवळच्या खुर्चीत चहाच्या कपावर हात शेकत बसली होती. आता उठावं लागणार हे तिच्या लक्षात आलं आणि सगळ्यात आधी तिला त्या उठण्याचाच कंटाळा आला. कासलबारच्या हॉस्पिटलात ती आणि गुरुनाथ एकाच विभागात रजिस्ट्रार डॉक्टर होते. गेल्या काही आठवड्यांत दोघांनी मिळून इतके पेशंट बघितले होते, की समोर माणूस आला तरी तिला आधी त्याच्या बेडचा नंबर दिसायचा. आज सुट्टी होती. खरं तर आज तिनं दिवसभर झोपायचं ठरवलं होतं. पण दसरा होता, नेमबाजी क्लबची स्पर्धा होती, गुरुनाथची आई भारतातून आलेली होती, बालमित्र रणजित डब्लिनजवळच्या सिटीवेस्टहून आला होता, आणि गुरुनाथ फोनवर म्हणाला होता, "पूर्णिमा, गाडी तू चालवशील? मला स्टिअरिंग धरवेल असं वाटत नाही." झोपेला तिथंच रामराम ठोकावा लागला.

क्लबच्या सेक्रेटरी नोरीनबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी वर्गात शिट्टी ऐकू आल्यावर करत असतील तसा चेहरा केला, दार आतून लोटलं आणि म्हणाल्या, "कुणी कशाला हात लावू नका. मी गार्डना कळवते."

गार्ड म्हणजे इथले पोलीस.

"नोरीन, थांबा जरा," गुरुनाथ म्हणाला.

"थांबता येत नाही रे बाबा," नोरीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावलासुद्धा.

२

नोरीनबाईंचं चुकत नव्हतं. या देशात शेतकऱ्याकडे शॉटगन असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पिस्तुलाची गोष्ट वेगळी. नव्या माणसाला मिळालंच तर नेमबाजीच्या स्पर्धेतलं, कमी ताकदीचं मिळतं, आणि तेही गार्ड लोकांनी आपल्या सात पिढ्या चाळून झाल्यावर. ते कमरेला लावून हिंडायचं नाही. घरात भिंतीला बोल्ट मारलेल्या तिजोरीत ठेवायचं. तिजोरीची किल्ली परवाना ज्याचा त्याच्याचकडे, बायकोकडेसुद्धा नाही. क्लबला नेताना रिकामं करून कुलूपबंद पेटीत घालायचं, गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि वाटेत गाडी सोडून कुठंही जायचं नाही. असं पिस्तूल हरवलं, तर ते कुणाच्या हातात पडलं या काळजीनं सगळ्या परगण्याची झोप उडते.

आणि डॉक्टरचं सगळंच उडतं. गुरुनाथचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. त्यात माणसाची वर्तणूक बघतात.

"ब्रेंडन येतोय," नोरीनबाई फोन ठेवून म्हणाल्या. "सार्जंट आहे. वेस्टपोर्टच्या रस्त्यावर अपघात झालाय, तिथून सुटला की येईल." मग त्यांनी पूर्णिमाला कोपऱ्यात घेतलं. "तू त्याची मैत्रीण ना? तो तोंड उघडत नाहीये. सार्जंटनं एकदा 'चोरी' असं लिहून घेतलं, आणि तुझ्या मित्रानं खाली सही केली, की ते पुसता येत नाही. तो येण्याआधी काय झालं ते शोधून काढ."

"मी डॉक्टर आहे, नोरीन. डिटेक्टिव्ह नाही."

"काय फरक आहे गं? पेशंट खोटं बोलतात ते तुला कळतंच की."

पूर्णिमानं खिडकीबाहेर बघितलं. गुरुनाथ बाहेर जाऊन दगडी गडग्यावर बसला होता. पाऊस पडत होता असंही नाही आणि थांबला होता असंही नाही, या मेयो परगण्यात असतो तसला. त्यानं टोपी घातली नव्हती.

हिस्टरी नीट घेतली की निदान अर्धं होतं, असं पुण्याला तिचे सर सांगायचे. पूर्णिमानं उरलेला चहा एका घोटात संपवला. चला, म्हटलं, घेऊ हिस्टरी.

३

पहिला संशय काकूंवर जाणार हे उघडच होतं. काल खंडेनवमी होती आणि पद्मजाकाकूंनी घरातली एकही हत्यारासारखी वस्तू पूजेवाचून सोडली नव्हती. सुनेच्या लॅपटॉपला कुंकू, मुलाच्या स्टेथोस्कोपला कुंकू, स्वयंपाकघराच्या प्रेसमधल्या, म्हणजे कपाटातल्या, सुऱ्यांना कुंकू. पूर्णिमाच्या गाडीच्या बॉनेटवरही आज सकाळी एक बोट उमटलं होतं.

काकू रेडिएटरला पाठ लावून बसल्या होत्या. नऊवारीवर मुलाचं जाकीट, पायात बूट, डोक्यावर लोकरी टोपी.

"काकू, खरं सांगा. पूजेला काढलंत आणि घरीच राहिलं का?"

"मी कशाला काढू, बाई? कुलूप हुतं की." काकूंनी पदराला हात पुसले. "गेल्या साली आले तवा मागितलं हुतं. म्हणला, आई, हितला कायदा लई वंगाळ, तिजोरीतनं भाईर काढायचं न्हाई. पेटीचं दर्शनसुदिक दिलं न्हाई मला. औंदा मागितलं, तर गपचिप पेटी आणून पाटावर ठेवली आन् गेला आंघोळीला. मी आपलं वरनंच कुंकू लावलं, फूल ठेवलं. झेंडू तरी कसला, दुकानातला. त्याला वास न्हाई का काय न्हाई."

"आंघोळीला गेला तेव्हा किल्ली कुठं होती?"

"गळ्यात. ताईतागत घालतोय की. झोपताना बी काढत न्हाई."

"मृणालिनी होती का घरात?"

"ती आली मागनं, पूजा चालू असताना. सूनबाईला त्या पिस्तुलाचं नावबी चालत न्हाई. पण पूजंला हात जोडलं तिनं." त्यांचं लक्ष खिडकीबाहेर, गडग्याकडे होतं. "बारकं असल्यापास्नं त्यो नेमबाज हाय. कोल्हापुरात क्लबात फोटो लावलाय त्याचा. मागल्या बारीला गावाकडं आला, तर ते पिस्तूल हितं कुठल्या दुकानात ठेवून आलता. तेबी मला आवडलं न्हवतं. शस्त्र दुसऱ्याच्या दारात ठेवू नये. आन् दसऱ्याला तर मुळीच न्हाई. आता हे असं झालं. लेकराचं त्वांड बघितलंस का कसं झालंय?"

बघितलं होतं. पूर्णिमानं ते तोंड रोज बघितलं होतं. फक्त आजूबाजूची सगळीच तोंडं तशी होती, म्हणून वेगळं असं दिसलं नव्हतं.

काकूंनी पेटी उघडली नव्हती, हे पूर्णिमाला पटलं. पण मनात काहीतरी अडकलं, माशाचा काटा घशात अडकतो तसं. गेल्या वर्षी पेटी दाखवायलाही नाही म्हणणारा माणूस यंदा ती पाटावर ठेवून आंघोळीला जातो?

४

"माझ्यावर डाउट घेतेस का?" रणजित म्हणाला. "घे, घे. आयटीवाल्यावर कुणीही घ्या."

"पेट्रोल पंपावर मी काकूंना घेऊन आत गेले. गुरू पण आत आला. गाडीपाशी तू एकटा होतास."

रणजितनं दाढी खाजवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शप्पथ घे, गुरूला सांगणार नाहीस."

"शपथ नाही घेणार. बोल."

"मी डिकी उघडली होती."

"कशाला?"

"फोटो काढायचा होता यार. पेटी हातात घेऊन, स्टाइलमध्ये. गुरू हात लावू देत नाही ना, कायदा कायदा करतो. म्हटलं, आत गेलाय तोवर उरकू. उचलली, सेल्फी काढली, ठेवली. कुलूप तसंच होतं. आईशप्पथ."

"जड होती?"

"कुठली? खेळण्यातल्यासारखी हलकी. मी काय आयुष्यात पिस्तूल उचललंय का? मला वाटलं, असतं असंच."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मी कायदा मोडला, पण पेटी हलकी होती, असं?" त्यानं सुस्कारा टाकला. "युवर मॅन, म्हणजे तो सार्जंट, मलाच आत टाकेल."

म्हणजे पंपावर पेटी रिकामी होती. रणजित खरं बोलत असेल तर. आणि तो खरं बोलत होता. आपला गाढवपणा कबूल करताना माणूस खोटं बोलत नाही, हे आपत्कालीन विभागात ती रोज बघत होती.

"एक सांग. वसंतात तू आला होतास, तेव्हाही तुम्ही दोघं याच पंपावर थांबला होतात?"

"हो ना. तेव्हा साहेब पोट धरून बसले होते गाडीत. म्हटलं, जाऊन ये, मी थांबतो. तर म्हणे, परवाना माझा आहे, गाडीत मीच थांबणार. कॉफीसुद्धा मी खिडकीतून आणून दिली होती."

"आणि आज?"

"आज काय, आरामात गेला. सँडविच निवडत उभा होता, तुला दिसलाच असेल."

दिसला होता. तिच्याच पुढे रांगेत होता, आणि घाई त्याला काडीचीही नव्हती.

पूर्णिमा गाडीपाशी गेली. डिकीत कान झाकायचे हेडफोन होते, जाड जाकीट होतं, निशाण बघायची दुर्बीण होती. गोळ्यांचा, पिवळ्या कुलपाचा लहान डबा नव्हता. तिनं सीटखाली बघितलं, काकूंच्या पिशवीत बघितलं. तिथं शंकरपाळ्यांचा डबा तेवढा सापडला.

चोरानं पेटीतून पिस्तूल नेलं असेल, एक वेळ मानलं. पण गोळ्यांचा डबा पेटीत नसतोच. मग नेमबाज स्पर्धेला निघाला आणि गोळ्याच घेतल्या नाहीत?

५

मृणालिनीची आज लॅबमध्ये ड्युटी होती. फोन उचलायला तिला वेळ लागला.

"मी नाही घेतलं," सगळं ऐकल्यावर ती म्हणाली. "पण खोटं कशाला बोलू? घ्यावंसं वाटलं होतं."

"का गं?"

"तुला काय सांगू, पूर्णिमा. तुम्ही दोघं सारखेच दमलेले. तिजोरी जिन्याखाली आहे ना, स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून दिसते. कामावरून आला की तिथं बसायचा. फोन नाही, टीव्ही नाही. नुसता तिकडं बघत. जेवायला वाढलं तर 'हो' म्हणायचा आणि तसाच. मी म्हटलं, पिस्तुलाची एवढी आठवण येते तर क्लबला जाऊन ये. तर म्हणाला, नको."

पूर्णिमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून तसाच बसतो?"

"नाही, आता बरंय. गुरुवारी लिमरिकच्या कोर्सला गेला होता ना, युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधल्या. आला तो सरळ अंथरुणात शिरला आणि सकाळपर्यंत गाढ झोपला. किती दिवसांनी. मी तर उठून दोनदा श्वास बघितला त्याचा. काहीतरी चांगलं झालं असेल तिथं, असं वाटलं मला."

"हो," पूर्णिमा म्हणाली. "असेल."

तिनं फोन ठेवला. लिमरिकच्या त्या कोर्सला तिनंही नाव दिलं होतं. तो पुढे ढकलल्याचा निरोप दोघांनाही एकदमच आला होता, वॉर्डात, एकाच पेशंटच्या पायथ्याशी उभे असताना. गुरुनाथ तेव्हा म्हणाला होता, "बरं झालं, तेवढंच एक ओझं कमी."

गुरुवारी लिमरिकला कोर्स नव्हताच.

क्लबच्या खोलीत नोरीनबाई कपबशा विसळत होत्या. पूर्णिमा दारातूनच म्हणाली, "नोरीन, एक विचारू? परवाना असलेला माणूस दुसऱ्याला पिस्तूल ठेवायला देऊ शकतो?"

"छे. भावाला नाही, बायकोला नाही. परवानाधारक डीलरकडे मात्र ठेवता येतं. लोक लांबच्या सुट्टीला जातात तेव्हा ठेवतातच की." नोरीनबाईंनी मान वळवली. "का गं?"

"काही नाही. सार्जंट कुठंवर आलाय?"

"निघालाय तिकडून."

६

गडगा ओला होता. पूर्णिमा तशीच बसली. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. मेंढ्यांना कसलीच फिकीर नव्हती.

"मी बोलते," ती म्हणाली. "चुकलं तर थांबव."

गुरुनाथनं मान डोलावली.

"तू आईपुढं पेटी ठेवून आंघोळीला गेलास. पंपावर गाडी सोडून सँडविच निवडत बसलास. आज गोळ्या घेतल्याच नाहीस. रणजितला वाटतंय, तू गाफील राहिलास आणि चोरानं साधलं. पण तू गाफील राहणारा माणूस नाहीस, गुरू. तू औषधाचा डोस तीनदा तपासतोस, नर्सेस वैतागतात. तू पहारा सोडलास, कारण राखण्यासारखं आत काही नव्हतंच. आणि ते तुला ठाऊक होतं."

पाऊस थोडा वाढला.

"आणि नियम सोडून तू पिस्तूल कुठं टाकणार नाहीस. म्हणून ते लिमरिकला आहे. डीलरकडे. गुरुवारी कोर्स नव्हताच, तरी तू लिमरिकला गेलास, तेव्हा दिलंस."

गुरुनाथनं डोळे मिटले. "गोळ्या पण," तो म्हणाला.

"का दिलंस ते सांगतोस, की तेही मीच सांगू?"

"तू नको सांगू." त्यानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं, पावसाचं असावं. "बेलमलेटकडचा एक म्हातारा आठवतो? छातीत दुखतंय म्हणून आला होता, छातीत काही नव्हतं. मी त्याला विचारलं, आपण विचारतो तसं, जीव नकोसा होतो का. हो म्हणाला. मग विचारलं, घरात काही आहे का. शॉटगन आहे म्हणाला. मी त्याच्या बायकोला बाहेर घेऊन सांगितलं, ती बंदूक आजच्या आज घराबाहेर काढा, डीलरकडे द्या. फार चांगलं समजावलं, पूर्णिमा. तिनं माझे हात धरले. मग मी घरी आलो, खुर्चीत बसलो, आणि समोर जिन्याखाली तिजोरी."

पूर्णिमा त्याच्याजवळ सरकून बसली. असल्या वेळी मध्ये बोलायचं नसतं.

"काही केलं नाही मी. करायचं होतं असंही नाही. पण त्या म्हाताऱ्याला जे विचारलं तेच मला कुणी विचारलं असतं, तर मी हो म्हणालो असतो. मग पेशंटला सांगतो तेच केलं."

"मग नुसतं सांगायचंस ना, की दिलं."

"कुणाला? आई कोल्हापूरहून झेंडूचं बी घेऊन आलीय इथं लावायला. तिला सांगू, दसऱ्याच्या तोंडावर शस्त्र परक्याच्या दारात ठेवून आलो? मग ती विचारणार, का. हॉस्पिटलला सांगू? डॉक्टरचंच डोकं ठिकाणावर नाही म्हटल्यावर पुढं काय काय निघेल? म्हटलं, इथं येऊन म्हणेन, विसरलो, घरीच राहिलं. पण पेटी उघडली आणि रणजितच्या फोनमधून सगळं कोल्हापूर बघतंय. तोंडातून नुसतं 'नाहीये' निघालं. नोरीननं फोन केला. सगळे चोर शोधायला लागले. आणि मला, काय सांगू, हायसं वाटलं. चोरी झाली असेल तर मला काहीच सांगावं लागणार नाही."

"डीलरला एक फोन केला की उघडं पडलं असतं."

"एवढा विचार करायची ताकद नव्हती गं."

हे तिला नको इतकं नीट कळलं. तिनं त्याच्याकडे वळून सरळ विचारलं, रोज अनोळखी माणसांना विचारायची तसं. "गुरू, आत्ता आहे का तसं काही मनात?"

"आज नाही. गुरुवारपासून नाही." तो म्हणाला. "परत येणारच नाही, असं मात्र नाही सांगता येत."

"ते मी मागितलंही नाही. उद्यापासून कामाला येऊ नकोस. मी आपल्या विभागाच्या सरांना आजच फोन करते. आणि दाखवायला आपण दोघं जाऊ. तू एकटा नाही."

"नागरिकत्व?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खोटा धीर द्यायचीही ताकद लागते, आणि ती आज तिच्यापाशी नव्हती. "पण चोरी झाली असं लिहून सही केलीस, तर काय होईल ते माहीत आहे."

वळणावर गार्डांची गाडी दिसली.

७

सार्जंट ब्रेंडन अपघातावरून आला होता. त्याच्या बुटांना चिखल होता आणि डोळ्यांखाली पूर्णिमाच्याच डोळ्यांखालच्यासारखी काळी वर्तुळं. नोरीनबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. रणजित भिंतीला चिकटून उभा होता. काकू खुर्चीतून उठून मुलाच्या मागं येऊन थांबल्या.

"तर, डॉक्टर," सार्जंट म्हणाला, "पिस्तूल चोरीला गेलं?"

पूर्णिमाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. हे तिचं उत्तर नव्हतं.

"नाही," गुरुनाथ म्हणाला. "चोरी झालेली नाही. मी ते गुरुवारी लिमरिकच्या डीलरकडे ठेवायला दिलं. आज इथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुमची धावपळ झाली, त्याची माफी मागतो."

नोरीनबाईंच्या हातातली किटली टेबलावर टेकली.

सार्जंटनं डीलरचं नाव विचारलं, बाहेर जाऊन फोन केला आणि परत आला. "आहे तिथं. सुखरूप." तो खुर्चीत बसला. "आता एवढंच सांग, सुट्टीवर चालला नव्हतास, मग दिलंस कशाला?"

"मी घरात असताना ते घरात नको होतं," गुरुनाथ म्हणाला. "मला माझा भरवसा वाटत नव्हता."

रणजितनं एकदम खाली बघितलं. त्याची मान पुन्हा वर आलीच नाही. सार्जंटनं चहाचा कप उचलला, पण प्यायला नाही.

"माझा मेहुणा होता," तो शेवटी म्हणाला. "त्यानं त्याची बंदूक नाही दिली कुणाकडे." आणि कप खाली ठेवला. "परवान्याचं काय करायचं ते सुपरिंटेंडंट ठरवतील, ते माझ्या हातात नाही. कदाचित जाईल. पण खोटी तक्रार कुणी केलेली नाही, हे मी सांगेन. आणि शस्त्र त्यानं स्वतःहून, कायद्यानं सुरक्षित ठेवलं, हेही सांगेन."

"काय म्हणतोय त्यो?" काकूंनी पूर्णिमाचा दंड धरला. "गावलं का चोर?"

पूर्णिमा सांगणार, इतक्यात गुरुनाथच आईकडे वळला.

"आई, चोर कुणी नाही. पिस्तूल मीच देऊन आलोय."

"का रं?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

"माझीच."

काकूंना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळ्यांनाच दिसलं. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि त्याच्या भिजलेल्या केसांवर घातली, कानांवरून नीट ओढली. तो लहान मुलासारखा वाकून उभा राहिला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "जळो ते पिस्तूल." मग नाकातनं पाणी आत ओढून त्या भिंतीकडे वळल्या. "रणजित, माझं दिवाळीनंतरचं तिकीट हाय न्हवं, ते पुढं ढकलून घे. कागदावर जिथवर ऱ्हायला देत्यात, तिथवर."

"घेतो, काकू."

"आत्ता घे."

रणजितनं फोन काढला. त्याला स्क्रीन नीट दिसत नव्हती, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बघितली.

"त्या काय म्हणाल्या?" सार्जंटनं हळूच विचारलं.

"त्या राहतायत," पूर्णिमा म्हणाली.

सार्जंटनं मान हलवली आणि नोरीनबाईंना म्हणाला, अजून एक कप असला तर त्या बाईंना द्या. पूर्णिमा दाराबाहेर गेली आणि तिनं विभागाच्या सरांचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. ती भिंतीला टेकली, पण तिनं फोन ठेवला नाही.